सहावीतल्या मुलाला शाळेतल्या भुतांच्या गोष्टी वाचायला द्याव्यात का? कोणत्या द्याव्यात?

तुम्ही विचारलंय की मुलगा सहावीत आहे, त्याला शाळेत घडणाऱ्या भुताटकीच्याच गोष्टी हव्यात, आणि त्या दिल्या तर तो घाबरट किंवा अंधश्रद्ध होईल अशी घरात धास्ती आहे. मी दादरच्या एका मराठी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. माझं उत्तर असं, की जरूर द्या. फक्त गोष्ट नीट निवडून द्या.

तुम्ही नाही दिल्यात तरी त्या त्याच्याकडे आहेतच. मुंबईतली कुठलीही जुनी शाळा घ्या. वरच्या मजल्यावरचा कायम कुलूपबंद वर्ग असतो. प्रयोगशाळेतला सांगाडा खऱ्या माणसाचा आहे, याची सगळ्यांना खात्री असते. ‘इथे आधी स्मशान होतं’ हे पाचवीतल्या पोरांना सातवीतली पोरं सांगतात. डिसेंबरात दुपार अधिवेशनाची शाळा सुटते तेव्हा अंधारायला लागलेलं असतं, आणि विसरलेली पाण्याची बाटली आणायला कुणाला तरी एकट्यानं वर जावं लागतं. गोष्ट तिथेच सुरू होते.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. जपानी शाळांमध्ये हानाको नावाच्या मुलीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या संडासात तिसऱ्या दारावर तीनदा टकटक करायची आणि ‘हानाको, आहेस का?’ असं विचारायचं. आपोआप वाजणारा संगीतवर्गातला पियानो, रात्री एक पायरी वाढणारा जिना, अशी तिथल्या शाळांची ‘सात नवलं’ मुलं एकमेकांना सांगतात. जागा बघा: संडास, जिना, रिकामा वर्ग. शिक्षकांची नजर जिथे पोचत नाही, नेमक्या त्याच. घराबाहेर, आईबाबांशिवाय, मूल रोज इतके तास राहतं ते शाळेतच. तिथली भीतीही त्याला स्वतःच निस्तरावी लागते. म्हणून या वयाला वाड्यातल्या भुतापेक्षा शाळेतलं भूत जास्त जवळचं वाटतं, असं मला मुलांशी बोलून पक्कं वाटू लागलं आहे.

आता निवड. माझी पहिली अट अशी की संकटातून वाट मुलांनीच काढायला हवी. ऐन वेळी मुख्याध्यापक किंवा एखादे काका येऊन सोडवतात, ती गोष्ट मुलं परत मागत नाहीत. दुसरी अट, भुताला काही हवं असलं पाहिजे आणि त्याचे काही नियम असले पाहिजेत: ते कुठवर येऊ शकतं, कशाला थांबतं. नियम कळला की मूल डोकं चालवायला लागतं आणि भीती आटोक्यात राहते. नुसतं रक्त आणि किंकाळ्या असतील तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

आणि शेवट. आपल्या बालसाहित्यात बराच काळ एक ठरलेला शेवट होता: भूत नव्हतंच, चोर पांढरी चादर पांघरून फिरत होते. हेतू चांगला होता, मला मान्य आहे. पण शंभर पानं अंगावर काटा आणून शेवटी चादर दाखवली की मुलांना फसवल्यासारखं वाटतं. ती मला तसं तोंडावर सांगतात. थोडं कोडं शिल्लक राहू द्यावं.

पुस्तकांचं म्हणाल तर तो इंग्रजी वाचत असेल तर आर. एल. स्टाइन यांच्या ‘गूजबम्प्स’पासून सुरुवात करा. 1992 पासून निघालेली ही मालिका याच वयासाठी लिहिलेली आहे. नायक साधारण बारा वर्षांचे, प्रकरणं छोटी, आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी तुटतं की पान उलटावंच लागतं. तिच्यात ‘द हाँटेड स्कूल’ नावाचं एक पुस्तकच आहे. रस्किन बाँड यांची ‘अ फेस इन द डार्क’ ही सिमल्याजवळच्या शाळेतल्या एका शिक्षकाची कथा जेमतेम दोन-तीन पानांची आहे, पण तिचा परिणाम मोठा. ती दिवसा, तुमच्या शेजारी बसून वाचू दे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मात्र आठवी-नववीपर्यंत थांबवा. मतकरींनी मुलांसाठी नाटकं भरपूर लिहिली, पण त्यांच्या गूढकथा मोठ्यांच्या आहेत, आणि धारपांच्या भयकथाही.

मराठीत या वयासाठी शाळेतल्या भुतांची पुस्तकं हवी तितकी नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण सामग्री केवढी आहे! मुंजा घ्या. मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. तो तर यांच्याच वयाचा आहे, आणि मुंबईत पिंपळ शाळेच्या भिंतीतूनसुद्धा उगवतो. चकवा घ्या, वाट चुकवून माणसाला फिरवून फिरवून त्याच जागी आणणारा. तो रानाऐवजी चार मजली इमारतीच्या जिन्यात आला तर? हडळ मात्र मी या वयाला देत नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईला भेसूर ठरवणारी ती कल्पना मुलांच्या मनात कशाला पेरायची? परीक्षेत नापास होऊन जीव दिलेल्या मुलाचं भूतही नको. ती गोष्ट सांगोवांगी फार फिरते, आणि एखाद्या खचलेल्या मुलाच्या मनाला ती खोलवर लागू शकते.

खऱ्या घटनेतूनही शाळेची रात्र मिळते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कितीतरी मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. वीज नाही, फोन नाही, बाकं जोडून झोपायचं. तुमच्या ओळखीत त्या वेळचं कुणी असेल तर मुलाला त्यांच्याकडून ऐकू द्या. त्यात भूत घालायचं की नाही ते तोच ठरवेल.

अंधश्रद्धेची काळजी मी हलकी मानत नाही. पण गोष्टीतलं भूत आणि भूत उतरवणारा बुवा यांत फरक आहे, आणि तो सहावीतल्या मुलाला सांगता येतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा गुन्हा ठरवला आहे. गोष्ट सांगण्यावर त्यात बंदी नाही. हे त्याला सरळ सांगा.

एखाद्या रात्री तो घाबरलाच तर ‘एवढा मोठा झालास आणि...’ असं म्हणू नका. दिवा चालू ठेवा, आणि त्या पुस्तकातलं भूत कशाला थांबतं हे त्यालाच विचारा. पुस्तक त्यानं स्वतःहून बाजूला ठेवलं तर ठेवू द्या. आमच्याकडची मुलं बहुधा चार-आठ दिवसांनी तेच पुस्तक पुन्हा मागायला येतात.