दर महिन्याला तीच कबुली

पत्र, थोडक्यात: "मी वसईची, वय 46. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पापनिवेदनाला जाते आणि दर वेळी तेच सांगते: मोठ्या जाऊबाईंवर राग धरला, त्यांच्याबद्दल वाईट बोलले. फादर प्रायश्चित्त देतात, मी ते करते, आठवड्याभरात पुन्हा तेच. सासूबाई वारल्या तेव्हा त्यांच्या सोन्याच्या बांगड्या सापडेनात, तिथून हे सुरू झालं (नंतर त्या बँकेच्या लॉकरमध्ये मिळाल्या). आता फादरांसमोर जायची लाज वाटते. माझा भाऊ दुसऱ्या मंडळीत जातो. तो म्हणतो, येशूने क्रुसावर सगळं फेडलं, पुन्हा पुन्हा माफी मागणं म्हणजे अविश्वास. मग माझ्या इतक्या वर्षांच्या कबुल्या फुकट गेल्या का? जुनं सगळं पुन्हा सांगू का?"

ताई,

लाजेचं आधी उरकू. फादर इतक्या जणांचं ऐकतात की तुमचा जावेवरचा राग त्यांच्या लक्षातही राहत नसेल. राहिला तरी ते कुठे बोलू शकत नाहीत. ही गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यात थेट बहिष्काराची शिक्षा आहे. आणि तेच पाप पुन्हा सांगावं लागतं यात नवल काय? माणसाचा स्वभाव एक, घर तेच, जाऊ तीच. दर महिन्याला नवं पाप घेऊन येणाऱ्या बाईची मला जास्त काळजी वाटली असती.

तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. क्रुसावरचं काम पूर्ण झालं, त्यात आपण भर घालत नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला बसतो तेव्हा पेत्र आधी नको म्हणतो, आणि मग एकदम हात आणि डोकंही धुवा म्हणतो. येशूचं उत्तर असं की ज्याची आंघोळ झालीय त्याला फक्त पाय धुवायची गरज असते. संत ऑगस्टीननेही याचा अर्थ असाच लावला: आंघोळ म्हणजे बाप्तिस्मा, तो एकदाच, पण रोज जमिनीवर चालायचं तर पाय मळणारच. "आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो" हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वाक्यही बाहेरच्यांना नाही, मंडळीतल्याच माणसांना लिहिलेलं आहे. प्रभूच्या प्रार्थनेत तर रोजची भाकर आणि पापांची क्षमा पाठोपाठच मागायची आहे. भावाला कॅथलिक दाखले चालत नसतील तर प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणारा मार्टिन लूथर आहे. 1517 च्या त्याच्या 95 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा हा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. अर्थात हे सगळं रविवारी जेवताना भावाच्या अंगावर टाकू नका. जेवण गार होईल, पटणार कुणालाच नाही.

जुनं पुन्हा उकरायचं का? नाही. लोयोलाच्या संत इग्नेशियसने तीन दिवस लेखी कबुली दिली होती. तरी 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला राहताना काहीतरी सुटलं या धास्तीने तो तीच पापं पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गेला. जुनं पुन्हा सांगायचं नाही असं त्याने ठरवलं तेव्हा कुठे त्यातून सुटला. क्षमा मिळालेलं पाप पुन्हा सांगायला लागतं असं चर्चही म्हणत नाही. तुमच्या कबुल्या फुकट गेलेल्या नाहीत.

आता तुमच्या पत्रातल्या कंसाकडे येते. बांगड्या लॉकरमध्ये मिळाल्या ही एवढी मोठी गोष्ट तुम्ही कंसात घातलीत. त्या मिळेपर्यंत तुम्ही कुणाकुणाकडे काय बोललात, ते पत्रात कुठेच नाही. "वाईट बोलले" यात सगळं बसतं आणि काहीच कळत नाही. माझा अंदाज असा: बांगड्या जाऊबाईंनी नेल्या असं तुम्ही चारचौघींत म्हणालात, आणि मिळाल्यावर त्या चौघींना काही सांगितलं नाहीत. अंदाज चुकला असेल तर पुढचं वाचू नका.

बरोबर असेल तर तुमचा राग का जात नाही, हे मला कळतं. ज्याच्यावर आपण खोटा आळ घेतला त्याचा राग करत राहणं सोयीचं असतं. राग गेला तर आळ उघडा पडतो. फादरांना तुम्ही दर महिन्याला राग सांगता, आळ सांगत नाही. चर्चची शिकवण इथे अगदी रोखठोक आहे. एखाद्याचं नाव खराब केलं तर क्षमा मिळाल्यावरही ते भरून देण्याचं कर्तव्य उरतं. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने नुसतं चुकलं म्हटलं नाही, ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत करतो म्हणाला. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवलंय.

तेव्हा येत्या शुक्रवारी बांगड्यांचं नाव घेऊन सांगा. मग त्या बायकांकडे जा, एकेकीकडे, आणि म्हणा: बांगड्या लॉकरमध्येच होत्या, मी जाऊबाईंबद्दल बोलले ते खोटं होतं. जाऊबाईंकडे सगळ्यांत शेवटी. त्यांच्यासमोर "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" हे शब्द काढू नका. वाईट वाटलंच आहे. सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं हा विषयही नको. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफीनामा टाकू नका आणि नवऱ्याला मध्ये घालू नका.

त्या लगेच गळ्यात पडतील असं नाही. "कळलं" म्हणून दार लावतील, किंवा इतक्या वर्षांचं सगळं तोंडावर काढतील. ऐकून घ्या, उत्तर देऊ नका. घरी येताना पुन्हा राग येईल, तोही पुढच्या महिन्यात फादरांना सांगा.