कॅम्पचं पाणी, संडास आणि जागा : नुसत्या गुणाकाराने भागत नाही

तुम्ही विचारलंय की २० हजार निर्वासितांचा कॅम्प आखायचाय, माणशी १५ लिटरने रोज ३ लाख लिटर पाणी आणि २० जणांमागे १ म्हणजे १००० संडास, एवढं बसवलं की झालं का. आकडे बरोबर आहेत, स्फिअरचे (आपत्तीतल्या मदतकार्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मापदंड) किमान निकष तेच आहेत, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की बेरजेवर थांबू नका, एका घरातली बाई दिवसभरात कुठेकुठे जाते ते नकाशावर काढा.

नळाचंच बघा. २५० माणसांमागे १ नळ, म्हणजे तुमचे ८०. हा निकष मिनिटाला साडेसात लिटर धार धरून आहे. २५० जणांचे होतात ३७५० लिटर, त्या धारेने ५०० मिनिटं लागतात, म्हणजे नळ रोज आठ तासांच्या वर चालायला हवा, त्यात कॅन बदलायला जातो तो वेळ वेगळाच. आणि पंप चारच तास चालणार असेल तर निम्मे लोक कोरडे राहतात, तेही कोण, तर म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, ज्यांच्याकडे एकच कॅन आहे ते. त्यामुळे आधी पंपाचे तास विचारा, मग नळ मोजा.

क्लोरीनचंही तसंच, नळावर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, उघड्या बादलीत ते संध्याकाळपर्यंत उडून जाऊ शकतं. घरातल्या भांड्यातलं पाणी तपासा आणि झाकणाचे, अरुंद तोंडाचे कॅन वाटा.

संडास घरापासून ५० मीटरच्या आत, पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर लांब, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर तरी वर. बांगलादेशात कुतुपालोंगच्या कॅम्पला २०१७ मध्ये रोहिंग्या निर्वासितांचा लोंढाच इतका आला की उथळ हापसे आणि संडासाचे खड्डे शेजारीशेजारी झाले आणि पाणी दूषित निघालं. १९९४ ला गोमात (आताच्या काँगोमधलं शहर, तिथे रवांडाचे निर्वासित आले होते) तर जमीनच ज्वालामुखीच्या खडकाची, खड्डे खणताच येईनात, पाणीही पुरेसं नव्हतं, पहिल्या महिन्यातच कॉलरा आणि हगवणीने सुमारे ५० हजार माणसं गेली. म्हणून जागा पक्की करण्याआधी खड्डे खणून बघाच.

बायकांचे संडास पुरुषांच्या तिप्पट ठेवा, आतून कडी, वाटेवर दिवा. अंधारात कडी नसलेल्या संडासात कुणी जात नाही, मग बायका संध्याकाळपासून पाणी प्यायचंच टाळतात. जागा कुठे हे त्यांनाच विचारा, आणि खणण्याआधी विचारा. जॉर्डनमधल्या झातारी या सीरियन निर्वासितांच्या कॅम्पात सुरुवातीला सामायिक संडास दिले होते, लोकांनी घराला लागून स्वतःचे बांधून घेतले आणि सांडपाणी गल्लीत आलं, पुढे कॅम्पभर पाण्याचं आणि सांडपाण्याचं जाळं टाकावं लागलं. शक्य असेल तर सुरुवातीपासूनच कुटुंबागणिक संडासाची जागा सोडा.

जागेचं थोडक्यात : माणशी ४५ चौरस मीटर, रस्ते-शाळा-दवाखाना धरून, म्हणजे तुम्हाला ९० हेक्टर लागतील, छताखाली माणशी किमान साडेतीन चौरस मीटर, थंड प्रदेशात जास्त. दर ३०० मीटरवर ३० मीटरचा मोकळा पट्टा आगीसाठी ठेवा आणि तो नंतर कुणाला भरू देऊ नका, पहिला डोळा त्यावरच जातो. जमिनीला थोडा उतार हवा, नाहीतर नळाखालचं पाणी झोपड्यांत शिरतं.

आणि एक राहिलंच, मैला उपसणार कोण आणि टाकणार कुठे? तुमच्या आराखड्यात ही ओळच दिसली नाही. १००० खड्डे भरणारच आहेत, तेव्हा गाडी आत जाईल एवढा रस्ता आणि टाकायची जागा आत्ताच धरून ठेवा.