"ताई, लेक फार शहाणी झालीये, त्याचीच भीती वाटते"

परदेशात मेडिकल मिशनरी म्हणून, म्हणजे धर्मसेवा म्हणून दवाखान्यात काम करायला गेलेल्या आईवडिलांकडून मला समुपदेशनात एक प्रश्न हमखास येतो. शब्द वेगळे असतात पण मुद्दा तोच, की पाचारण, म्हणजे देवाची हाक, आम्हाला झालं, आम्ही हो म्हटलं, मुलांना कुणी विचारलं होतं? आमच्या सेवेपायी मुलांचं नुकसान तर होत नाहीये ना? आज त्यातल्याच एका कुटुंबाबद्दल लिहितेय, त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नवरा सर्जन, बायको नर्स. आफ्रिकेतलं आडबाजूचं मिशन हॉस्पिटल आणि तिथं सर्जन हा एकटाच. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५. आईनं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं, "ताई, लेक हल्ली फार शहाणी झालीये, कशालाच नाही म्हणत नाही, त्याचीच भीती वाटते." आईला बरोबर कळलं होतं. आदळआपट करणाऱ्या मुलाची काळजी सगळेच करतात, पण गप्प राहून समजूतदार झालेलं मूल सुटून जातं, उलट चर्चमध्ये त्याचं कौतुक होतं.

सेशन ऑनलाइन व्हायचे. दुसऱ्या सेशनला आईनं फोन खिडकीत ठेवला होता आणि मागे धाकटा खेळत होता. गळ्यात बाबांचा जुना स्टेथोस्कोप, टेडीला खुर्चीत बसवलेलं, हा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा, "येतो हं मी" म्हणायचा आणि दाराबाहेर जायचा. मग आत यायचा, परत डोक्यावर हात, परत "येतो हं मी". मी वाट बघत होते की आता पेशंट तपासेल, इंजेक्शन देईल. नाही. डॉक्टर-डॉक्टर या खेळाचा अर्थ त्याच्यासाठी एवढाच होता. वडील शेजारीच बसले होते, त्यांनीही पाहिलं, आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

मुलीशी मी एकटीशी बोलले. तिला मी थेट विचारलं, बाबा जेवणातून उठून जातात तेव्हा तुला काय वाटतं? म्हणाली, "काही नाही. बाबा गेले नाहीत तर ते बाळ मरेल ना. मग मी कशी रडू?"

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेले नाही. कारण ती अकरा वर्षांची पोर जे म्हणतेय ते खरंच आहे. मूल अडलेलं असतं, गर्भाशय फाटलेलं असतं, मिनिटं मोजायची असतात. इतर घरांत बाबा ऑफिसमुळे उशिरा आले तर मूल ऑफिसवर चिडू शकतं. इथं ती कुणावर चिडणार? समोर मरणारा माणूस आणि त्याच्याही मागे देव. बाबांबद्दल तक्रार म्हणजे देवाबद्दल तक्रार, असं कुणी तिला शिकवलं नव्हतं, पण घरातल्या रोजच्या प्रार्थनेतून ते तिच्यापर्यंत पोचलंच होतं. माझ्या अनुभवात मुलांचं खरं नुकसान इथं होतं. दूर देश, साधं घर, अधूनमधून मलेरिया हे सगळं मुलं झेलतात, पण रागावायची मुभाच नसेल तर ते आत साचत जातं आणि पुढे कधीतरी श्रद्धेवरच निघतं.

वडिलांनी मला पॉल ब्रँडचं उदाहरण दिलं. ते बऱ्याच मिशनरी घरांत देतात. ब्रँड १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मले, ९ व्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले, आणि पुढे १९४६ मध्ये वेल्लोरला येऊन कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात ऑपरेशननं परत कामाला लावले. "बघा, मुलं चांगलीच निघतात," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, डॉक्टर, मधली वर्षं पण सांगा ना. ब्रँडची वडिलांशी परत भेट झालीच नाही, १९२९ मध्ये ते ब्लॅकवॉटर फीव्हरनं गेले, मलेरियातूनच होणारा आजार. मरणाची तार आधी पोचली आणि वडिलांची बोटीनं निघालेली पत्रं त्यानंतरही येत राहिली. तो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ती पत्रं उघडून वाचतोय, हे डोळ्यासमोर आणा आणि मग ठरवा ही गोष्ट मुलांना कशासाठी सांगायची. मोठेपणी थोर झाला म्हणून लहानपणचं दुःख खोटं ठरत नाही. डॉक्टर गप्प झाले, पण रागावले नाहीत.

मग कामाचं बोललो. मी त्यांना बायबलमधलं मार्क ६:३१ वाचायला सांगितलं, जिथं येणाजाणाऱ्यांच्या गर्दीत शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती आणि येशू त्यांना म्हणतो, बाजूला चला, थोडा विसावा घ्या. गर्दी खरी होती, गरजू होती, तरी म्हणाला. हा माणूस देवाचं ऐकणारा आहे म्हणून मी त्याच्याशी त्याच भाषेत बोलले.

त्यांच्याकडे दोन क्लिनिकल ऑफिसर होते, म्हणजे डॉक्टर नसलेले पण प्रशिक्षण घेऊन उपचार करणारे. मलावीसारख्या देशांत क्लिनिकल ऑफिसर शिकून सिझेरियन करतातच, पण इथं सवय अशी पडली होती की नर्सनं काहीही असलं तरी थेट सर्जनला फोन करायचा. त्यांनी वॉर्डात कागद लावला, कशासाठी लगेच बोलवायचं आणि कशात आधी क्लिनिकल ऑफिसरनं बघायचं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पहिला फोन डॉक्टरांना जाणारच नाही असं ठरलं. पहिले दोन महिने जमलं नाही, मग हळूहळू जमायला लागलं. आणि मुलांना सांगितलं की या संध्याकाळीही कधी जावं लागेल, पण तेव्हा "काही हरकत नाही" म्हणायची सक्ती नाही.

मुलीचं अजून एक दुखणं होतं, ते उशिरा बाहेर आलं. तिच्या तीन मैत्रिणी, तिन्ही मिशनरी घरातल्या, आईवडिलांची तिथली सेवेची मुदत संपल्यावर एकेक करत निघून गेल्या होत्या आणि तिनं चौथी करायचीच नाही असं ठरवलं होतं. दोन संस्कृतींच्या मधे वाढणाऱ्या अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स म्हणतात, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना हा शब्द काढला. या मुलांची हुशारी, भाषा, जुळवून घेणं याबद्दल सगळे बोलतात, पण ती सारखं कुणाला तरी बाय करत असतात आणि त्यासाठी त्यांना रडायला वेळ दिला जात नाही. मी आईला म्हटलं, गेलेल्या मैत्रिणींचा विषय घरात काढा, त्यांचे जुने फोटो बाहेर काढून बघत बसा, "नवीन मैत्रीण मिळेल" हे वाक्य काही दिवस बंद.

पुढच्या वर्षी बोर्डिंगला पाठवायचं की घरीच शिकवायचं हे अजून ठरलेलं नाही. मी त्यांना एकच सांगितलंय, शाळा बघायला जाताना तिला घेऊन जा, आणि ती नको म्हणाली तर ते प्रार्थनेनं बदलायचा प्रयत्न करू नका, आधी ऐका.

गेल्या महिन्यात आईचा व्हॉइस मेसेज आला. रात्रीच्या प्रार्थनेत लेकीची पाळी होती. ती म्हणाली, "प्रभू, आज मला बाबांचा खूप राग आलाय, ते माझं नाटक बघायला आले नाहीत." आई म्हणते माझं काळीजच थांबलं. बाबांनी काही समजावलं नाही, पेशंट कोण होता तेही सांगितलं नाही. थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आमेन."