वाचकांचे प्रश्न : पेट्रोल कॉकची गळती

प्रश्न : माझ्याकडे सुमारे तीस वर्षांपूर्वीची, कार्ब्युरेटर असलेली मोटारसायकल आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की पेट्रोल कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या, खाली इंजिनावर ओला डाग पडलेला दिसतो आणि पेट्रोलचा वास येत राहतो. कॉक बंद करून ठेवला तरी काही फरक पडत नाही. एका मेकॅनिकने कॉकच्या कडेने सिलिकॉन लावून दिले होते. काही दिवस बरे गेले आणि गळती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्याने अख्खा कॉकच बदलायला सांगितले आहे. ही दुरुस्ती घरी करता येण्यासारखी आहे का?

उत्तर : करता येईल, परंतु पाना हातात घेण्यापूर्वी पेट्रोल नेमके कुठून पाझरते आहे हे पक्के करून घ्यावे. थेंब जिथे लोंबताना दिसतो तिथूनच गळती होत असते असे नाही. पेट्रोल धातूच्या कडेकडेने ओघळत सर्वांत खालच्या टोकाशी जाऊन थांबते आणि आपण त्या टोकालाच दोषी धरून मोकळे होतो. कॉक आणि त्याभोवतालचा टाकीचा भाग कापडाने पूर्ण कोरडा पुसून घ्या, त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर हलकेच भुरभुरवा आणि थोडा वेळ वाट पाहा. ओलाव्याची पहिली रेघ पावडरीत जिथे उमटेल, तिथूनच गळती आहे असे समजा.

आपल्या पत्रातील एक तपशील फार उपयोगाचा आहे, तो म्हणजे कॉक बंद असतानाही गळती थांबत नाही. कॉक बंद केल्यावर पेट्रोल अडते ते कॉकच्या आत, तो फिरवण्याच्या दांड्यामागच्या वॉशरपाशी. तोपर्यंत टाकीतले पेट्रोल कॉकमध्ये उतरून उभेच असते. त्यामुळे त्या जागेच्या वरचे दोन सांधे, म्हणजे टाकी आणि कॉक यांच्यामधला सांधा आणि फिरवण्याच्या दांड्याभोवतालचा सांधा, हे कॉकच्या स्थितीशी संबंध न ठेवता गळू शकतात. याउलट, कॉक बंद केल्यावर थेंब थांबत असतील तर संशय खालच्या बाजूवर घ्यावा : पेट्रोलची नळी, तिची क्लिप, आणि बहुतेक रचनांमध्ये कॉकच्या तळाशी असलेली गाळाची वाटी. आपल्या बाबतीत वरच्या दोन सांध्यांपैकीच एक बिघडलेला असावा.

दोन्ही ठिकाणी खरा गुन्हेगार सहसा रबर असतो. टाकीच्या सांध्यात ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडे, असते आणि दांड्यामागे चार भोकांचे एक चपटे रबरी वॉशर असते, ज्याच्या भोकांतून मुख्य पुरवठा, रिझर्व्ह आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी वाट यांची जोडणी होते. दांडा फिरवला की त्याची सपाट चकती या वॉशरवर घासत फिरते आणि कोणते भोक कोणत्या भोकाला जोडायचे ते ठरवते. वर्षानुवर्षे पेट्रोलमध्ये भिजून हे रबर कडक होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुन्या प्रकारचे रबर आधी फुगते आणि गाडी बराच काळ टाकी रिकामी ठेवून उभी राहिली की वाळून आक्रसते, म्हणून दीर्घ विश्रांतीनंतर बाहेर काढलेल्या गाड्यांत ही तक्रार हमखास आढळते. जुने वॉशर काढून नखाने दाबून पाहा. चांगले रबर दबते आणि लगेच पूर्ववत होते. निकामी रबर नखाला दाद देत नाही. त्याच्या पृष्ठभागावर एका भोकाकडून दुसऱ्या भोकाकडे गेलेला बारीक ओरखडाही पुष्कळदा दिसतो. टाकीतल्या गंजाचा एखादा कण दांड्याच्या चकतीखाली अडकून फिरला की असा ओरखडा उठतो आणि पेट्रोल त्या वाटेने निसटते.

सिलिकॉन का टिकले नाही, हेही यातून लक्षात येईल. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, पृष्ठभागापासून सुटते आणि त्याचे तुकडे पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसू शकतात. टेफ्लॉनच्या फितीचे धागेही तसेच वागतात. जुन्या ट्यूबमधून कापलेले वॉशर आणीबाणीत लावले जाते, पण ते रबर पेट्रोलसाठी बनवलेलेच नसते. माझ्या मते या जागी कोणतेही लेपन करूच नये. जिथे रबर बसते तिथे नवे रबरच बसवावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसइतक्या थंडीतही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा सुमारे ३ ते ४ पट जड असल्यामुळे जमिनीलगत साचते. म्हणून हे काम उघड्यावर करा. आसपास गॅसची शेगडी, देवघरातला दिवा किंवा ठिणगी पडणारे कोणतेही यंत्र नको. इंजिन थंड असू द्या आणि बॅटरीची ऋण तार सोडून ठेवा. रिकामी टाकी निर्धोक असते हा मोठा गैरसमज आहे. तिच्यात वाफ कोंडलेली असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती अधिक धोक्याची ठरू शकते.

कार्ब्युरेटरकडची नळी काढून तिचे टोक पेट्रोलसाठीच्या डब्यात सोडा आणि कॉक रिझर्व्हवर ठेवून टाकी रिकामी करा. चालू स्थितीत ठेवलात तर रिझर्व्हपुरते पेट्रोल टाकीत तसेच राहील. टाकी गाडीवरून उतरवून जुन्या गोधडीवर आडवी ठेवली की काम सोपे होते आणि टाकीच्या रंगावर ओघळही येत नाहीत. कॉक सहसा दोन बोल्टांवर किंवा एका मोठ्या नटवर बसवलेला असतो. काही टाक्यांत या बोल्टांची भोके थेट टाकीत उघडतात, त्यामुळे बोल्टांखालची फायबर किंवा नायलॉनची वॉशरे हीसुद्धा गळती अडवणारीच असतात. ती हरवून त्यांच्या जागी साधी लोखंडी वॉशरे लावलेली गाडी बघायला मिळाली, तर नव्या ओ-रिंगनंतरही गळती का थांबत नाही याचे उत्तर बहुधा तिथेच असते.

दांड्यावरची पट्टी दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते आणि जुन्या गाडीत ते चांगलेच जाम झालेले असतात. डोक्याच्या खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा. सैल ड्रायव्हरने खाच एकदा गुळगुळीत झाली की पाच मिनिटांच्या कामाला दुपार लागते. पट्टी निघाल्यावर लाटेसारखी वाकवलेली स्प्रिंग-चकती, मग दांडा आणि शेवटी रबरी वॉशर, असा क्रम दिसेल. तो लक्षात राहावा म्हणून सुटे भाग काढाल त्याच क्रमाने कागदावर मांडत जा. वॉशर उपसताना पेचकसाचे टोक बैठकीवर घासू नका. लाकडी काडी पुरते. पट्टी स्क्रूऐवजी रिव्हेटांनी बसवलेली असेल, तर तो कॉक उघडण्यासाठी बनवलेलाच नाही, आणि तिथे आपल्या दुसऱ्या मेकॅनिकचा सल्ला बरोबर ठरतो.

दांड्याच्या चकतीवर ओरखडे असतील तर जाड काच घेऊन तिच्यावर बारीक पॉलिशपेपर, आधी ६०० आणि मग १००० नंबरचा, ओला करून पसरावा आणि चकती इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवावी. कॉकची टाकीला टेकणारी बाजूही त्याच काचेवर ठेवून पाहावी. बोल्ट अतिरेकी आवळल्यामुळे ती बाजू बोल्टांपाशी वाकलेली असते आणि कॉक काचेवर डुगडुगतो. तीही याच पद्धतीने सपाट करता येते. फक्त नंतर कॉक पूर्ण धुऊन वाळवा, कारण पॉलिशपेपरचा एक कण आत राहिला तरी तो नव्या वॉशरवर पुन्हा ओरखडा काढील.

नवे रबर घेताना ते आपल्याच मॉडेलचे आहे, भोकांची जागा आणि जाडी जुन्याशी जुळते आहे, हे वॉशरे एकमेकांवर ठेवून तपासा. साधी ओ-रिंग नायट्राइल रबराची असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला व्हिटॉन या दुसऱ्या प्रकारच्या रबराची अधिक टिकते. ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावून ती खाचेत बसवावी, म्हणजे आवळताना ती पिळवटत नाही. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करून, आखूड पान्यानेच आवळा. गळती थांबवायची आहे म्हणून जोर लावाल, तर ओ-रिंग चेपेल किंवा टाकीतले आटे जातील, आणि आटे गेले तर खर्च कॉकपुरता राहत नाही.

कॉकसोबत जाळीची गाळणी बाहेर येईल. तिच्यात तांबूस भुकटी सापडली तर टाकीतला गंज काढल्याशिवाय नवे वॉशर बसवू नका. शेवटी थोडेच पेट्रोल घालून कॉकखाली कोरा कागद ठेवा आणि बंद, चालू व रिझर्व्ह अशा तिन्ही स्थितींत काही तास वाट पाहा. नळी काढूनही एकदा पाहा : बंद स्थितीत तिच्या तोंडातून एकही थेंब येता कामा नये.

प्रश्न : माझ्या गाडीच्या कॉकला ‘बंद’ ही स्थितीच नाही; चालू, रिझर्व्ह आणि ‘प्राइम’ एवढेच आहे. बाहेरून थेंबही गळत नाही, पण सकाळी गाडी काळा धूर सोडते आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो.

उत्तर : हा व्हॅक्यूमवर चालणारा कॉक आहे आणि आपली तक्रार पहिल्या वाचकांच्या तक्रारीहून गंभीर आहे. इंजिन चालू असताना इनटेकमधील, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल जाण्याच्या वाटेतील, ओढीने कॉकमधला पातळ पडदा मागे खेचला जातो आणि पेट्रोल सुटते. इंजिन थांबले की स्प्रिंग पडद्याला परत लोटते. पडदा फाटला तर पेट्रोल थेट व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात उतरते. ती नळी कॉकपासून काढून पाहा. तिच्यात पेट्रोलचा ओलावा दिसला तर पडद्याचा संच बदलावा लागेल. ती कोरडी असेल तर पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन बंद ठेवून कॉक ‘चालू’वर ठेवा, तरीही थेंब येत असतील तर कॉकचा वाल्व्ह बसत नाही आणि कार्ब्युरेटरमधील फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) सुई, जी पुरेसे पेट्रोल आले की वाट बंद करते, तीही पेट्रोल अडवीत नाही, असे दोन दोष एकदम आहेत. कॉक दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका आणि त्यानंतरही ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, कारण पेट्रोलने पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना वाचवू शकत नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असेल तर किक मध्येच अडकेल. अशा वेळी जोर न लावता आधी स्पार्क प्लग काढा आणि त्याची टोपी प्लगच्या भोकापासून दूर ठेवून किक हाताने सावकाश फिरवा.

प्रश्न : जुना पुश-पुल (ओढून-ढकलून चालू-बंद होणारा) कॉक आहे, आत बुचाचे लाकूड आहे. टाकी रिकामी करून ठेवली होती. आता भरल्यावर गळतो.

उत्तर : बूच वाळून आक्रसले आहे. ते काढून गरम पाण्यात भिजत घाला. फुगल्यावर बसवून पाहा. तडा गेला असेल तरच बदला आणि यापुढे गाडी उभी असतानाही टाकीत थोडे पेट्रोल राहू द्या.