आवडत्या रॉडची कंपनी विकली गेली: वॉरंटी, जुना माल आणि नवे रॉड

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ओरेगॉनमध्ये स्टीलहेड माशासाठी वापरत असलेल्या दोन फ्लाय रॉडची (कृत्रिम माशी फेकून मासे धरायच्या काठ्यांची) आजीवन वॉरंटी नवा मालक पाळेल का, दुकानांत उरलेला जुना माल आत्ताच घेऊन ठेवावा का, आणि यापुढचे रॉड हातात तसेच लागतील का. कंपनीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण त्यावाचून अडत नाही. विक्री कोणत्या प्रकारची झाली आणि ब्लँक, म्हणजे मूठ आणि कड्या बसवण्याआधीची नुसती काठी, कोण, कुठे बनवतं, यावर बहुतेक उत्तरं ठरतात.

आधी वॉरंटी, कारण पहिला धक्का तिलाच बसतो. अमेरिकेत कंपनीचे शेअर विकले गेले असतील तर कायद्याच्या दृष्टीनं कंपनी तीच राहते, मालक तेवढा बदलतो. जुन्या वॉरंटीची जबाबदारीही तिच्याकडेच राहते. पण नव्या मालकानं फक्त मालमत्ता विकत घेतली असेल, म्हणजे नाव, यंत्रं, साचे आणि साठा, तर जुन्या देण्यांपैकी त्यानं करारात जेवढी स्वीकारली तेवढीच साधारणपणे त्याच्यावर येतात. कंपनी दिवाळखोरीतून विकली गेली असेल तर वॉरंटीधारक बिनतारण धनकोंच्या रांगेत जाऊन बसतात, आणि तिथून फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे जाहीर निवेदनात ‘परंपरा जपू’ वगैरे काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि शेअर घेतले की मालमत्ता, एवढं शोधून काढा.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचं आयुष्य, तुमचं की त्या रॉडचं, हे वॉरंटीत स्पष्ट लिहिणं अमेरिकी नियमांनुसार अपेक्षित असतं. तुमचा कागद काढून ते वाक्य वाचा. बहुतेक कंपन्या वॉरंटी पहिल्या खरेदीदारालाच देतात आणि दुरुस्तीमागे हाताळणी शुल्क घेतात. मालक बदलल्यावर वॉरंटी एकदम रद्द झाल्याची घोषणा सहसा होत नाही. शुल्क वाढतं, दुरुस्तीला लागणारे आठवडे वाढतात आणि ‘तुमचं मॉडेल बंद झालं, त्याऐवजी हे घ्या’ असं उत्तर येऊ लागतं.

म्हणून या आठवड्यातच चार कामं उरका. मुठीच्या वर ब्लँकवर लिहिलेला अनुक्रमांक आणि मॉडेलचं नाव वाचता येईल असा जवळून फोटो काढा. बिलाचा फोटो त्याच्यासोबत ठेवा. वॉरंटीचं सध्याचं पान तारखेसकट जतन करा. रॉडची नोंदणी राहिली असेल तर ती करून टाका. मग कंपनीला ईमेलनं विचारा: विक्रीआधी घेतलेल्या रॉडची वॉरंटी त्याच अटींवर चालू राहील का, शुल्क किती, आणि मॉडेल बंद झालं तर बदली काय देणार? फोनवर विचारू नका. लेखी उत्तर असलं तर पुढे वाद झाल्यास दाखवायला काहीतरी हातात असतं.

आता रॉड तसेच राहतील का. यासाठी ब्लँक कसा बनतो ते माहीत असायला हवं. राळ मुरवलेलं कार्बनचं कापड ठरावीक आकारात कापतात, निमुळत्या पोलादी दांडीभोवती दाबाखाली गुंडाळतात, वरून पट्टी घट्ट ओढून बांधतात आणि भट्टीत भाजतात. मग दांडी ओढून काढायची, पट्टी सोलायची, घासायचं, रंगवायचं. रॉडचा सगळा स्वभाव त्या दांडीच्या निमुळतेपणात, कापडाच्या कापात आणि कापडाच्या जातीत असतो. दांड्या आणि कापाचे नमुने नव्या मालकाकडे आले असतील तर जुना रॉड पुन्हा तसाच काढता येतो. पण तीच दांडी वापरून कापड बदललं, राळेचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं, तरी टोक जड लागतं किंवा मधला भाग लवकर वाकतो. नाव तेच, रंग तोच, आणि लाइन मात्र वेगळी पडते. पुरवठादार बदलून खर्च कमी करणं नव्या मालकाला सोपं असतं आणि बाहेरून ते कोणाला दिसत नाही. माझ्या मते खरी भीती याचीच बाळगावी.

मालकी बदलली की दर्जा घसरतोच, असंही नाही. गॅरी लूमिस यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली जी. लूमिस ही रॉडची कंपनी १९९७ मध्ये शिमानो या जपानी कंपनीकडे गेली. त्यानंतरही वॉशिंग्टन राज्यातल्या वुडलंडचा कारखाना चालू राहिला, आणि शिमानोचं ‘स्पायरल एक्स’ तंत्र लूमिसच्या अ‍ॅस्क्विथ मालिकेत आलं. विन्स्टनची गोष्ट निराळी. १९२९ ची ही अमेरिकी रॉड कंपनी १९९१ मध्ये टॉम मॉर्गन यांच्याकडून नव्या मालकाकडे गेली आणि काही काळ सगळं सुरळीत चाललं. २००५ मध्ये मात्र धोरणावरून मतभेद होऊन ग्लेन ब्रॅकेट आणि त्यांचे बांबूचे रॉड बनवणारे कारागीर बाहेर पडले आणि त्यांनी स्वीटग्रास रॉड्स ही स्वतःची कंपनी सुरू केली. विक्री आणि ही फूट यांत चौदा वर्षं गेली. तेव्हा पहिल्या वर्षी सगळं छान दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. माणसं कोण राहिली, कोण गेली, हे पाहत राहा. डिझाइन करणारा माणूस गेला की पुढच्या दोन-तीन मालिकांत ते जाणवतं.

कधी ब्रँड विकला गेल्याची बातमी येतच नाही, कारण विकली जाते ती वरची कंपनी. इंग्लंडमधल्या ॲनिकची १८७२ ची रॉड-रील कंपनी हार्डी २०१३ मध्ये प्युअर फिशिंग या मासेमारीच्या सामानाच्या कंपनीकडे गेली. तेव्हा प्युअर फिशिंग जार्डन समूहात होती. २०१६ मध्ये जार्डन न्यूएल या दुसऱ्या समूहात विलीन झाली आणि २०१९ च्या सुरुवातीला प्युअर फिशिंग सिकमोर पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीकडे गेली. म्हणजे हार्डीचं नाव कुठेही न हलता सहा वर्षांत वरचा मालक दोनदा बदलला. तुमच्या कंपनीच्या वर कोण बसलंय ते एकदा पाहून घ्या. गुंतवणूक निधी असेल तर काही वर्षांत पुन्हा विक्री होण्याची शक्यता धरूनच चाला.

जुना माल घ्यावा का? तुमच्याकडे आहे तेच मॉडेल, तेही रोज हातात असणारं, मिळत असेल तर एक घ्या. न वापरलेल्या मॉडेलचा साठा करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा आहे त्या रॉडचं सुटं टोक मिळतंय का ते विचारा. ते जास्त उपयोगी पडेल, कारण मोडतं ते बहुतेक वेळा टोकच. गाडीचं दार, छताचा पंखा, मासा जवळ आल्यावर रॉड उभा धरून टोकावर टाकलेला ताण, आणि जड माशी ब्लँकवर आपटून पडलेली न दिसणारी चीर, ही नेहमीची कारणं. मात्र सुटं टोक जोडाला बसेल असं हातानं घासून जुळवावं लागतं, म्हणून कंपनी सहसा अख्खा रॉड मागवते. ते काम आत्ता, जुने कारागीर असताना, करून घ्या.

नवा रॉड जुन्यासारखा आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. डॉ. हॅनमन यांची नाण्यांची पद्धत यासाठी चांगली आहे. तिच्यात टोक वाकवायला वजन म्हणून अडीच ग्रॅमची अमेरिकी सेंट नाणी वापरतात. घरी तांदूळ आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. रॉडची मूठ टेबलाला आडवी, घट्ट बांधा आणि टोकाची उंची भिंतीवर खुणा करून ठेवा. टोकाच्या गाईडला (लाइन ज्यातून जाते त्या कडीला) हलकी प्लास्टिकची पिशवी अडकवा आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत थोडे थोडे तांदूळ घालत जा. नऊ फुटी रॉडसाठी हे अंतर तीन फूट. मग पिशवीसकट वजन करा. हा रॉडच्या ताकदीचा आकडा. त्याच स्थितीत बाजूनं फोटो काढा. टोक आडव्या रेषेशी किती अंशाचा कोन करतंय त्यावरून रॉड किती जलद, म्हणजे किती टोकाकडेच वाकणारा आहे ते कळतं. ६६ अंशांच्या वर गेला तर जलद, ५९ च्या खाली राहिला तर मंद. दोन्ही रॉडची मूठ त्याच ठिकाणी बांधायची, नाहीतर तुलना फसते. थोड्या ग्रॅमचा फरक एकाच मॉडेलच्या दोन रॉडमध्येही सापडतो, त्यानं घाबरू नका. वजनही दिसेल इतकं वेगळं आणि कोनही सरकलेला, असं झालं तर ब्लँक बदललाय असं समजा.

दुकानात काटा नसतो, तिथे हात आणि डोळे चालवा. रॉड जोडून बुडाकडून पाहा, गाईड एका रेषेत हवेत. दोऱ्यावरच्या लेपात बुडबुडे किंवा गाईडच्या पायाशी उघडा दोरा नको. रील बसवायची जागा मुठीपासून पिळून पाहा. जराही हलली तर आत गोंद कमी पडलाय. मुठीच्या कॉर्कमधले खड्डे भुशाच्या लुकणानं किती भरलेत तेही पाहा. आणि शिक्का वाचा. अमेरिकेत ‘मेड इन यूएसए’ लिहायचं तर माल सगळा किंवा जवळजवळ सगळा तिथलाच लागतो. ‘डिझाइन्ड इन’ लिहायला तसं बंधन नाही. पूर्वी पहिलं होतं आणि आता दुसरं आलं असेल, तर काम कुठेतरी हललंय.

भारतात राहून बाहेरून आणलेला रॉड वापरणाऱ्यांना ही वॉरंटी तशीही महागात पडते. जाण्यायेण्याचं कुरियर आणि परत येताना कस्टमची कटकट यांत बरेच पैसे जातात. टोकाची किरकोळ मोड घरीच दुरुस्त करा. मोडलेली कड बारीक कानशीनं गोल गोल घासून सपाट करा, तिथला व्यास मोजा आणि त्या मापाचं टोकाचं गाईड आणा. त्याच्या नळीचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात दिलेलं असतं. चिकटवायला गरम करून लावायचा गोंदच घ्या. इपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा गोंद लावला तर पुढच्या वेळी गाईड निघत नाही. उष्णता नळीलाच द्या, ब्लँकला थेट ज्योत लागली तर राळ जळते. गोंद मऊ असतानाच बाकीच्या गाईडशी रेष जुळवून घ्या.