गोर्बाचेव्हनी सुधारणा केल्या म्हणून सोव्हिएत संघ फुटला का? मग चीन कसा टिकला?

माझं मत आधी सांगून टाकतो. सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह यांनी जिथे धीर करायला हवा होता तिथे कच खाल्ली आणि जिथे जपून जायला हवं होतं तिथे धडाका लावला. वस्तूंच्या भावांना हात लावायला ते घाबरले, पण कम्युनिस्ट पक्षाच्या पकडीला हात घालायला घाबरले नाहीत.

भावांची ही भीती त्यांच्या आधीपासूनची. १९६२ साली ख्रुश्चेव्ह सरकारने मांस आणि लोणी महाग केलं. दक्षिण रशियातल्या नोव्होचेर्कास्क शहरात रेल्वे इंजिनांचा मोठा कारखाना होता, तिथे नेमके त्याच सुमारास कामाचे दरही कापले गेले होते. कामगार लाल झेंडे आणि लेनिनच्या तसबिरी घेऊन रस्त्यावर उतरले. कामगारांच्या राज्यात कामगारांवर गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं मेली, प्रेतं लांब नेऊन गुपचूप पुरली आणि सगळा प्रकार पुढे कित्येक वर्षं दाबून ठेवला. क्रेमलिनने यातून एकच धडा घेतला: पुन्हा भाव वाढवायचे नाहीत. सरकारी दुकानातल्या मांसाचा भाव मग १९९१ पर्यंत जवळपास तिथेच राहिला. उत्पादनाचा खर्च वाढत गेला आणि फरक तिजोरीतून भरला जाऊ लागला.

ही चैन परवडली ती सायबेरियाच्या तेलामुळे. तेल विकून डॉलर मिळायचे आणि त्या डॉलरनी अमेरिका-कॅनडातून धान्य यायचं. १९८६ मध्ये तेलाचा भाव निम्म्याखाली आला. त्याच्या आदल्याच वर्षी गोर्बाचेव्हनी दारूविरोधी मोहीम काढली होती. हेतू चांगला होता, पण व्होडकावरचा कर हा सरकारचा मोठा आधार, तोच गेला. मोल्दोवा आणि क्रिमियातले द्राक्षमळे तोडले गेले. लोकांनी घरोघरी हातभट्टी लावली आणि त्यापायी दुकानातली साखर गायब झाली!

१९८७ च्या कायद्याने कारखान्यांना बरीच मोकळीक दिली. व्यवस्थापकांनी ती पगार वाढवायला वापरली. भाव मात्र सरकारीच, त्यामुळे जास्तीचा माल काढायचं कुणालाच कारण नव्हतं. तूट भरायला नोटा छापल्या. लोकांच्या खिशात रूबल आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या, अशी ही सुधारणा.

तिची खरी हालत पाहायची तर जुलै १९८९ मध्ये सायबेरियातल्या कुझबासच्या कोळसापट्ट्यात जावं लागेल. मेझ्दुरेचेन्स्क गावातले खाणकामगार पाळी संपवून वर आले ते घरी न जाता काळ्या तोंडांनी चौकात बसले. बघता बघता संप युक्रेनमधल्या दोनबासच्या कोळसाखाणींपर्यंत पसरला, काही लाख माणसं सामील झाली. त्यांच्या मागण्यांत एक मागणी साबणाची होती. अंतराळात माणूस पाठवणाऱ्या देशात कोळशाच्या खाणीतून वर आलेल्याला अंग धुवायला साबण मिळत नव्हता. दोन वर्षांनी हेच कामगार गोर्बाचेव्ह यांचा राजीनामा मागत होते.

शेवटी जानेवारी १९९१ मध्ये ५० आणि १०० रूबलच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, बदलून घ्यायला तीन दिवस. (आपल्याला २०१६ आठवत असल्याने बँकांसमोरच्या रांगांचं वर्णन करत नाही.) मग एप्रिलमध्ये भाव वाढवले, तेही एकदम दुप्पट-तिप्पट. जे काम विश्वास होता तेव्हा करायला हवं होतं, ते विश्वास उडाल्यावर केलं.

आता पक्षाकडे वळू. सोव्हिएत संघ कागदावर १५ प्रजासत्ताकांचा राजीखुशीचा संघ होता. १९७७ च्या राज्यघटनेच्या ७२ व्या कलमात बाहेर पडण्याचा हक्कसुद्धा लिहिलेला होता. त्याची कुणाला फिकीर नव्हती, कारण खरी सत्ता पक्षाकडे आणि पक्षाची दोरी मॉस्कोच्या हातात. गोर्बाचेव्हनी १९८९ मध्ये खऱ्याखुऱ्या चुरशीच्या निवडणुका घेतल्या आणि मार्च १९९० मध्ये घटनेतून पक्षाची मक्तेदारी काढली. त्याच महिन्यात लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. प्रजासत्ताकांच्या पुढाऱ्यांना आता मॉस्कोच्या मर्जीपेक्षा आपल्या मतदारांची मर्जी महत्त्वाची झाली. जूनमध्ये खुद्द रशियानेच आपले कायदे संघाच्या कायद्यांपेक्षा वरचढ असल्याचा ठराव केला आणि रशियाचे नेते येल्त्सिन यांना संघाविरुद्ध उभं राहायला हक्काची जागा मिळाली.

पण तरीही फूट अटळ होती असं मला वाटत नाही. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया हे बाल्टिक देश गेलेच असते, १९४० मध्ये त्यांना जबरदस्तीने संघात ओढलं होतं हे ते विसरले नव्हते. इतरांचं तसं नव्हतं. मार्च १९९१ च्या सार्वमतात सहा प्रजासत्ताकं बाजूला राहिली, पण मतदान केलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी नव्या रूपातला संघ हवा म्हटलं. युक्रेनमध्येही ७० टक्के. मग १९ ऑगस्टला पक्षातल्या आणि सरकारातल्या कट्टर मंडळींनी, प्रजासत्ताकांना जास्त अधिकार देणारा नवा संघ-करार रोखायला बंड केलं. मॉस्कोत रणगाडे, टीव्हीवर बातम्यांऐवजी बॅले आणि पत्रकार परिषदेत बंडाच्या नेत्याचे थरथरणारे हात. तीन दिवसांत फज्जा उडाला. १ डिसेंबरला त्याच युक्रेनमध्ये ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला पडली. आठवडाभरात बेलारूसच्या जंगलातल्या एका सरकारी बंगल्यावर रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याच्या कागदावर सह्या केल्या. संघ वाचवायला निघालेल्यांइतका घात संघाचा दुसऱ्या कुणीच केला नाही.

‘अमेरिकेने पाडलं’ हे उत्तर इथे बरेचदा दिसतं. शस्त्रस्पर्धेचा आणि अफगाणिस्तानचा बोजा होता, नाकारत नाही. पण संघ फुटावा अशी वॉशिंग्टनची घाई नव्हती. १ ऑगस्ट १९९१ ला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश युक्रेनची राजधानी कीव्हमध्ये जाऊन युक्रेनियनांना आत्मघातकी राष्ट्रवादापासून सावध राहा असं सांगत होते.

राहिला चीन. त्यांनी पक्षाची पकड सोडली नाही, १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं लोकशाहीचं आंदोलन चिरडून, रक्त सांडून ती राखली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसती दडपशाही हे पुरेसं उत्तर नाही. चीनमध्ये हान वंशाचे लोक नव्वद टक्क्यांच्या वर, सोव्हिएत संघात रशियन जेमतेम निम्मे. आणि चीनमधले बहुसंख्य लोक खेड्यात, सरकारी पगाराबाहेर. कम्यून (सामूहिक शेती) मोडून जमीन कसायला दिल्याबरोबर त्यांनी पीक वाढवून दाखवलं, कारण गमावण्यासारखं हातात काही नव्हतं. सोव्हिएत शेतकऱ्याला मात्र तोवर ठरलेला पगार आणि पेन्शन होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गोर्बाचेव्हनी त्यालाही जमीन भाडेपट्ट्याने देऊ केली, तेव्हा ती घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही.