वस्तऱ्याने घरी दाढी करायला सुरुवातीला काय सामान घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, कार्ट्रिजच्या किमतींना कंटाळलात, आणि ऑनलाइन दीड हजारात वस्तरा, चामड्याचा पट्टा, ब्रश नि वाटी असा संच दिसतोय. घेऊ का?

नका घेऊ. मीही ठाण्यातच, नौपाड्यात राहतो आणि चार वर्षांपूर्वी नेमका असाच संच घेतला होता. त्यातल्या वस्तऱ्याने कुरिअरची पाकिटं छान फुटतात, दाढी होत नाही. साबण-पाणी सगळं लावूनही पहिल्या दिवशी माझी बिनपाण्यानेच झाली. अर्धा गाल तसाच ठेवून गल्लीतल्या सलूनमध्ये जाऊन बसलो. सलूनवाले काका लगेच काही बोलले नाहीत, पण आरशात हसताना दिसले.

वस्तरे दोन जातीचे. एक, पूर्वी धोकटीत असायचा तो अखंड पात्याचा. त्याची धार आपणच राखायची. दुसरा, हल्ली सगळ्या सलूनमध्ये दिसतो तो, ज्यात साधं दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा अडकवतात. सुरुवात या दुसऱ्याने करा. माझा दीडशे रुपयांना आला. काका त्यांचं सामान कुठून आणतात ते विचारून घ्या, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला चक्कर मारा. हातात धरून बघा. बिजागरी खुळखुळत असेल तर ठेवून द्या. ब्लेड बसवल्यावर त्याचे कोपरे बाहेर डोकावता कामा नयेत, जखमा बहुतेक त्या कोपऱ्यांनीच होतात. ब्लेड मोडताना ते कागदातच ठेवून लांबीला दुमडा, बोटं शाबूत राहतात.

परदेशातले शौकीन याच्या बरोबर उलट सांगतात. अर्धं ब्लेड हलकं आणि फार तीक्ष्ण, चुकीला माफी नाही. अखंड पातं जड असतं आणि त्वचेवरून जास्त मऊपणे जातं, म्हणून थेट त्यानेच शिका, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. पण त्यांना दाढीलायक धार लावून वस्तरा पाठवणारी माणसं मिळतात. आपल्याकडे सायकलवर चाक फिरवत ‘चाकू-कात्रीला धाऽर’ करत येतो त्याच्या हाती वस्तरा चुकूनही देऊ नका. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेलं असतं. त्या चाकावर ते तापतं आणि पोलादाचा कडकपणा जातो. घरी धार लावायची तर १०००, मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० नंबरचे, असे बारीक होत जाणारे दगड लागतात. त्यांची किंमत वस्तऱ्याच्याही वर जाते. धारेची सोय नसेल तर महागडं पातं म्हणजे नुसतं शोकेसचं सामान. या एका कारणासाठी मी दीडशेवाल्याच्या बाजूने आहे.

ब्रश सिंथेटिक घ्या. डुकराच्या केसांचाही चांगला असतो, पण आपल्या पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही. क्रीम किराणा दुकानातली कुठलीही ट्यूब चालेल. डब्यातला फसफसणारा फोम मात्र नको, तो फुगतो खूप आणि पात्याखाली ओलावा राहत नाही. तुमच्या सोसायटीत टँकरचं जड पाणी येत असेल आणि फेस धरत नसेल तर क्रीमला दोष देण्याआधी एकदा आरओ फिल्टरच्या पाण्याने करून बघा.

तुरटीचा खडा हवाच. दाढीनंतर ओल्या चेहऱ्यावर फिरवा. जिथे झोंबेल तिथे हात जड पडलाय.

पहिला आठवडा फक्त गाल करा, कानशिलापासून जबड्यापर्यंत, केसांच्या दिशेने. बाकीचं नेहमीच्या रेझरने उरका. हनुवटी आणि गळ्याला घाई नको. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत. त्या दिवशी काकांनी शेवटी एकच गोष्ट सांगितली होती: वस्तऱ्याचा हात विसरा, दुसऱ्या हाताने कातडं ताणा. माझं सगळं तिथेच चुकत होतं.

तीस-चाळीस दाढ्यांनंतरही हौस टिकली तर अखंड पात्याकडे वळा. रुंदी ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. टोक गोल असलेलंच, चौकोनी टोक कानाच्या पाळीला शोधत येतं. जर्मनीतल्या सोलिंगेन गावचे वस्तरे नावाजलेले आहेत आणि ते नाव तिथे १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. त्यामुळे कुठल्या संचावर ‘सोलिंगेन स्टाईल’ दिसलं तर काय ते समजा. विकणाऱ्याला आधी विचारा, दाढी करता येईल अशी धार लावून देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे चला.

त्यासोबत धार राखायला चामड्याचा पट्टा आलाच, प्रत्येक दाढीआधी त्यावर पात्याचे पन्नासेक फेरे. पात्याची पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना पाठ पट्ट्यावरून उचलायची नाही. पहिल्या महिन्यात पट्ट्याला चिरा पडणारच, म्हणून पहिला स्वस्तातला घ्या.

हे पातं बहुतेक कार्बन स्टीलचं असतं, आणि जुलैतल्या ठाण्याच्या बाथरूममध्ये एका रात्रीत त्यावर गंजाचे ठिपके येतात. पुसून कोरडं करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा आणि कपाटात ठेवा.

अर्ध्या ब्लेडच्या दोन-तीन दाढ्या झाल्या की ते टाका. पण सुटं कचऱ्यात नको, कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात चिरतात. माझ्याकडे झाकणाला फट पाडलेला जुना पावडरचा डबा आहे, चार वर्षांत अजून अर्धाही भरला नाही.